आत ढकलली की खिशात, विसरली की अख्खा रोल वाया! जुन्या कॅमेऱ्यांच्या 'कोलॅप्सिबल' लेन्सची गोष्ट

माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली जाते. पिवळ्या पडलेल्या लग्नपत्रिका, बंद पडलेली घड्याळं आणि सगळ्यात खाली चामड्याच्या कव्हरमध्ये एक कॅमेरा. दिसायला लहानसा, पण हातात घेतला की चांगलाच जड. पुढची लेन्स बॉडीला जवळपास चिकटलेली. बटण दाबलं की 'खट्' असा आवाज येतो. म्हणजे चालू आहे!

मग घरातला उत्साही पोरगा ऑनलाइन फिल्मचा रोल मागवतो. आत्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मोजून ३६ फोटो काढतो. रोल लॅबला जातो आणि आठवडाभराने स्कॅन हातात येतात. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नुसते धुरकट डाग. त्यात आत्याही ओळखू येत नाही आणि केकही.

गंमत म्हणजे कॅमेरा बिघडलेला नव्हता, फिल्म खराब नव्हती आणि फोकसही नीट लावलेला होता. चूक एकच झाली होती. लेन्स बाहेर ओढायची राहिली होती.

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या नादाला लागलेल्या नवशिक्यांची ही हमखास होणारी फजिती आहे. तरीही शंभर वर्षांपूर्वीच्या या आत सरकणाऱ्या लेन्सचं, म्हणजेच 'कोलॅप्सिबल' लेन्सचं वेड काही कमी झालेलं नाही. असं काय आहे तिच्यात? आणि तिच्या बदल्यात काय सोडावं लागतं?

सुरुवात कुठून झाली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चांगला फोटो काढायचा म्हणजे मोठी पेटी, काचेच्या प्लेटा आणि तिपाई असा सगळा संसार पाठीवर घेऊन फिरावं लागायचं. घडी होणारे कॅमेरे तेव्हाही होते. कोडॅकचा 'व्हेस्ट पॉकेट' कॅमेरा १९१२ मध्ये आला होता आणि पहिल्या महायुद्धात तो सैनिकांचा कॅमेरा म्हणून गाजला. पण त्यात लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये भाता असायचा, हार्मोनियमच्या भात्यासारखा. भाता लवकर फाटतो, त्याला बारीक छिद्रं पडतात आणि फिल्मवर नको तिथून उजेड येतो.

जर्मनीतल्या वेट्झलार गावात लाइट्झ नावाची कंपनी सूक्ष्मदर्शक बनवायची. तिथे काम करणारे ऑस्कर बर्नाक स्वतः हौशी फोटोग्राफर होते. १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची फिल्म वापरून एक छोटा कॅमेरा तयार केला. सिनेमाची चौकट असायची १८ बाय २४ मिलिमीटर. बर्नाक यांनी फिल्म आडवी धरली आणि दोन चौकटींची मिळून एक केली, २४ बाय ३६ मिलिमीटर. आज ज्याला 'फुल फ्रेम' म्हणतात, ते माप इथून रूढ झालं.

मध्ये महायुद्ध आलं. अखेर १९२५ मध्ये लाइपझिगच्या वसंत जत्रेत हा कॅमेरा 'लायका' या नावाने लोकांसमोर आला. त्याच्यासाठी लेन्स तयार केली होती माक्स बेरेक यांनी. ५० मिलिमीटरची ही लेन्स थोड्याच काळात 'एल्मार' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिला भाता नव्हता. होती एक चकचकीत धातूची नळी, जी आत ढकलता यायची.

आत ढकलता येते, म्हणजे जागा येते कुठून?

५० मिलिमीटरची साधी लेन्स दूरचा डोंगर फिल्मवर स्पष्ट उमटवायचा असेल, तर फिल्मपासून साधारण ५० मिलिमीटरवर असावी लागते. यात फारशी सूट नाही, हा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे.

आता जुन्या लायकाची बॉडी बघा. लेन्स जिथे पेचाने बसते ती कडी फिल्मपासून २८.८ मिलिमीटरवर असते. हे माप १९३१ पासून पक्कं झालं. म्हणजे ५० मधून २८.८ वजा केले, की उरतात २१ मिलिमीटरच्या आसपास. एवढं अंतर लेन्सच्या काचांना बॉडीच्या पुढे उभं राहावंच लागतं. पण काचा स्वतः खूप लहान. एल्मारमध्ये सगळ्या मिळून चारच काचा. म्हणजे त्या दोन सेंटिमीटरच्या नळीत असतं काय? मुख्यतः हवा!

आणि कॅमेऱ्याच्या पोटात, लेन्सची कडी आणि शटरचा पडदा यांच्यामध्येही रिकामी जागाच असते. मग फोटो काढायचा नसेल तेव्हा एक रिकामी जागा दुसऱ्या रिकाम्या जागेत ढकलून का देऊ नये? कोलॅप्सिबल लेन्सची सगळी युक्ती एवढीच आहे. रेल्वेप्रवासात चहा प्यायला वापरला जाणारा घडीचा पेला आठवा, एकात एक सरकणाऱ्या कड्यांचा. तत्त्व तेच, फक्त इथे एकच नळी आणि तिची अचूकता घड्याळजीच्या कामासारखी.

वापरायची पद्धतही सोपी. नळी पुढे ओढायची, किंचित फिरवायची, की आतल्या खाचा एकमेकींत अडकतात आणि लेन्स जागेवर पक्की होते. काम झालं की उलट फिरवायची आणि आत ढकलायची.

फायदा फक्त दोन सेंटिमीटरचा?

कागदावर फायदा तेवढाच दिसतो. पण कोटाच्या खिशाला हे दोन सेंटिमीटर फार महत्त्वाचे असतात. लेन्स बाहेर असली की कॅमेरा अडकतो, फुगतो, गळ्यात लोंबकळत राहतो. लेन्स आत गेली की तोच कॅमेरा सपाट होऊन खिशात जातो.

खिशात मावणारा कॅमेरा सोबत असतो आणि सोबत असलेल्या कॅमेऱ्यानेच फोटो निघतात. मोबाइलच्या जमान्यात हे कुणाला वेगळं सांगायला नको. १९३० च्या दशकात मात्र ही मोठी क्रांती होती. रस्त्यावर, गर्दीत, ट्राममध्ये कुणाच्या लक्षात न येता फोटो काढणं शक्य झालं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लायका हातात घेतला आणि पुढे बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवरच केलं. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अंत्ययात्रेचे जगभर पोहोचलेले फोटो त्यांचेच. लहान कॅमेरा घेऊन माणसांच्या जवळ जायची ही पद्धतच मुळात अशा छोट्या कॅमेऱ्यांमुळे रुजली.

शिवाय आत गेलेल्या लेन्सला धक्का कमी बसतो. बाहेर उभी असलेली लेन्स दाराच्या चौकटीवर आपटली तर सगळा ताण कडीवर येतो. आत बसलेल्या लेन्सचं तसं होत नाही.

मग फोटो धुरकट का आला? आणि कॅमेऱ्याने सांगितलं का नाही?

इथेच खरी मेख आहे.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. डोळ्यासमोर एक वेगळी छोटी खिडकी असते. फोकस करण्यासाठी बॉडीवर अंतर ठेवून दोन झरोके असतात. त्यांतून आलेल्या दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या, की फोकस लागला असं समजायचं. हे यंत्र लायकाच्या बॉडीतच लेन्सला जोडून आलं ते १९३२ च्या लायका-२ मध्ये.

लेन्सची फोकसची कडी फिरवली की लेन्सच्या मागचा भाग पुढे-मागे होतो आणि बॉडीतली एक छोटी दांडी हलवतो. पण ही दांडी हलवणारा भाग असतो लेन्सच्या बैठकीत, आत सरकणाऱ्या नळीत नाही. त्यामुळे नळी आत असो की बाहेर, रेंजफाइंडरला काही फरक पडत नाही. दोन प्रतिमा मस्त जुळतात, खिडकीतून सगळं स्वच्छ दिसतं, शटर 'खट्' वाजतं. फिल्मवर मात्र चिखल.

किती चिखल, तेही मोजता येतं. एल्मारचं सगळ्यात मोठं छिद्र एफ/३.५, म्हणजे ५० भागिले ३.५, सुमारे १४ मिलिमीटर रुंद. लेन्स २० मिलिमीटर आत राहिली, तर दूरच्या दिव्याचा जो ठिपका फिल्मवर सुईच्या टोकाएवढा पडायला हवा, तो साडेपाच ते सहा मिलिमीटरचा डाग होतो. आणि फिल्मची अख्खी चौकट असते २४ बाय ३६ मिलिमीटरची! म्हणजे चेहरे, झाडं, दिवे सगळे एकमेकांत विरघळून जातात.

नळी पूर्ण आत राहिली तर निदान डोळ्यांना दिसतं तरी. त्याहून फसवा प्रकार म्हणजे नळी ओढली, पण फिरवून पक्की केलीच नाही. ती खिशातून काढताना किंवा बोटाच्या दाबाने एखादा मिलिमीटर मागे सरकते. वरून बघितलं तर लेन्स बाहेरच दिसते. पण एफ/३.५ वर एका मिलिमीटरची चूक म्हणजे फिल्मवर ०.२९ मिलिमीटरचा डाग. ३५ मिलिमीटर फिल्मसाठी साधारण ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा डाग चालवून घेतात. म्हणजे फोटो त्याच्या जवळपास दहापट धुरकट.

उजेडाचं गणित: नळीला मर्यादा असते

कोलॅप्सिबल लेन्सची दुसरी अडचण अंधारात कळते.

जी नळी बॉडीत शिरणार, ती बॉडीच्या तोंडातून मावली पाहिजे. जुन्या लायकाचा पेच ३९ मिलिमीटर व्यासाचा. त्यातून फोकसची कडी, बैठक, नळीची जाडी वजा केली की काचांसाठी जागा आणखी कमी. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/३.५ साठी १४ मिलिमीटरचं छिद्र पुरतं. एफ/२ साठी २५ लागतं आणि एफ/१.५ साठी ३३ च्या पुढे. वर या जास्त उजेड घेणाऱ्या लेन्समध्ये काचाही जास्त आणि जाड. मग नळीत हवेऐवजी काचच भरलेली असते आणि आत ढकलायला रिकामी जागा उरत नाही.

म्हणूनच झाइस कंपनीच्या काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी लुडविग बर्टेले यांनी १९३० च्या दशकात ज्या झोनार लेन्स तयार केल्या, त्यातली एफ/२ ची आत सरकणारी मिळते, पण एफ/१.५ ची स्थिर असते. लायकाकडेही एफ/२ ची 'झुमार' १९३३ मध्ये आली, मग १९३९ मध्ये 'झुमिटार' आणि १९५३ मध्ये 'झुमिक्रॉन'. या लेन्स आत सरकायच्या. एफ/१.५ वर गेलं की मात्र सरकती नळी सोडावी लागली.

व्यवहारात याचा अर्थ काय? एफ/२ लेन्स एफ/३.५ पेक्षा सुमारे तिप्पट उजेड घेते. घरातल्या दिव्याखाली एफ/२ वर १/६० सेकंदात जो फोटो निघतो, त्याच फोटोसाठी एफ/३.५ वर १/२० सेकंद लागतो. १/६० ला हात बहुतेकांचा स्थिर राहतो. १/२० ला श्वास रोखावा लागतो आणि समोरचं लहान मूल काही श्वास रोखून बसत नाही!

केसाएवढा फरकही चालत नाही

तिसरी तडजोड म्हणजे अचूकता. स्थिर लेन्स कारखान्यात एकदा नीट जुळवली की ती तशीच राहते. सरकणारी लेन्स मात्र दर वेळी बाहेर ओढल्यावर नेमकी त्याच जागी यायला हवी, हजारो वेळा.

एफ/३.५ वर ०.१ मिलिमीटरची चूक झाली तर डाग ०.०३ च्या आत राहतो, म्हणजे चालून जातं. तीच चूक एफ/२ वर ०.०५ चा डाग देते. म्हणजे लेन्स जितकी जास्त उजेड घेणारी, तितकी नळीच्या झिजेची किंमत जास्त. नळी वाकडी बसली तर आणखी वेगळा त्रास. फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी मऊ येते.

लाइट्झचं यंत्रकाम इतकं चोख होतं की कित्येक नळ्या सत्तर-ऐंशी वर्षांनंतरही घट्ट आहेत. तरीही कंपनीने १९५६ मध्ये झुमिक्रॉनची न सरकणारी आवृत्ती आणलीच. व्यावसायिक फोटोग्राफरला खिशापेक्षा खात्री जास्त महत्त्वाची होती.

वापरातल्या बारीकसारीक कटकटी

पेचाच्या एल्मारवर छिद्र लहान-मोठं करायची कळ लेन्सच्या अगदी तोंडावर असते. ती नखाने सरकवावी लागते. ऊन अडवायला पुढे हूड बसवला की ती कळ सापडणं अवघड. त्यातून जुन्या लेन्सवरचे आकडेही आजचे नसतात. आजचा क्रम ४, ५.६, ८, ११ असा असतो. जुन्या एल्मारवर ४.५, ६.३, ९, १२.५ असा. गणित तेच, पण सवय व्हायला वेळ लागतो.

दुसरं म्हणजे काचेवरचा लेप. परावर्तन कमी करणाऱ्या लेपाचा शोध झाइसमध्ये १९३५ च्या सुमारास लागला, पण तो सर्रास दिसू लागला युद्धानंतर. त्याआधीच्या लेन्स समोर ऊन आलं की पांढुरक्या होतात आणि रंग फिके पडतात. काहींना नेमका हाच मऊपणा आवडतो. कृष्णधवल पोर्ट्रेटमध्ये तो खुलतोही. पण तो 'व्हिंटेज लूक' आहे की आत साचलेली धूळ-धुरकी, हे ओळखता आलं पाहिजे.

रशियन भाऊबंद आणि नकली लायका

ही युक्ती फक्त जर्मनांपुरती राहिली नाही. जपानमध्ये निकॉनचा पहिला कॅमेरा १९४८ मध्ये आला, त्याच्यासोबत आत सरकणारी एफ/२ निक्कोर मिळायची. कॅननचीही एफ/१.९ ची सेरेनार तशीच होती.

सगळ्यात रंजक कहाणी सोव्हिएत संघातली. आजच्या युक्रेनमधल्या खारकीवमध्ये बेघर मुलांसाठी एक श्रम-वसाहत होती. शिक्षणतज्ज्ञ अंतोन माकारेंको यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. तिथे १९३४ पासून लायकाची नक्कल असलेला कॅमेरा बनू लागला. वसाहत ज्यांच्या नावाची होती त्या फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की यांच्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं 'फेड'. युद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधून 'झोर्की' आला. या कॅमेऱ्यांवरची एफ/३.५ ची फेड किंवा 'इंडुस्टार-२२' लेन्स दिसायला हुबेहूब एल्मारसारखी.

इथे सावध राहायला हवं. लाखोंनी बनलेल्या या फेड-झोर्की कॅमेऱ्यांवरची मूळ अक्षरं घासून त्यावर 'लायका' कोरलेले, सोनेरी मुलामा दिलेले आणि जर्मन लष्कराची चिन्हं ठोकलेले असंख्य नकली नग बाजारात फिरतात. 'दुसऱ्या महायुद्धातला दुर्मिळ सोनेरी लायका' अशी पोस्ट दिसली की पाकिटाला हात घालण्याआधी दहा वेळा विचार करा. फेड म्हणून फेड घेणं वाईट नाही, तो कामाचा कॅमेरा आहे. लायकाच्या भावात फेड घेणं मात्र वाईट.

आणखी एक गोष्ट. युद्धापूर्वीच्या फेडमध्ये लेन्सपासून फिल्मपर्यंतचं अंतर सगळ्या कॅमेऱ्यांत सारखं नसायचं. त्यामुळे त्या काळची एका फेडची लेन्स दुसऱ्या बॉडीवर बसेल, पण फोकस चुकू शकतो.

मग ही लेन्स मागे का पडली?

कारण कॅमेऱ्यांच्या पोटातली रिकामी जागाच संपली. १९५९ मध्ये निकॉन-एफ आला आणि एसएलआर कॅमेऱ्यांचं युग सुरू झालं. एसएलआरमध्ये लेन्समधूनच बघता यावं म्हणून मध्ये तिरपा आरसा असतो. त्याला हलायला जागा लागते, म्हणून निकॉनची लेन्सची कडी फिल्मपासून ४६.५ मिलिमीटर दूर गेली. ५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी आता ढकलायला उरलं काय? आणि ढकलली तर ती थेट आरशावर!

तरीही कल्पना मेली नाही. लायकाने १९९४ मध्ये आत सरकणारी ५० मिलिमीटर एफ/२.८ एल्मार नव्याने आणली. चालू केल्यावर 'झूं' करत लेन्स बाहेर काढणारे डिजिकॅम अनेकांनी वापरलेत, तीही हीच युक्ती, फक्त मोटर लावलेली. आजच्या कित्येक मिररलेस कॅमेऱ्यांसोबत येणारी छोटी झूम लेन्सही आधी फिरवून 'उघडावी' लागते. फरक एवढाच, की ती उघडली नाही तर स्क्रीनवर तसा संदेश येतो. २०२२ च्या शेवटी टेक्नो कंपनीने तर फोनमध्येच बाहेर येणारी पोर्ट्रेट लेन्स बसवली. फोनच्या पाठीवरचा तो उंचवटा हे शंभर वर्षांपूर्वीचंच दुखणं आहे. लेन्सला अंतर लागतं आणि खिशाला सपाटपणा.

डिजिटल कॅमेऱ्यावर लावायची असेल तर?

हल्ली अनेक जण जुनी लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतात. यात एक मजेशीर उलटापालट होते. फिल्म कॅमेऱ्यात धोका होता लेन्स बाहेर ओढायला विसरण्याचा. मिररलेसमध्ये तो राहत नाही, कारण स्क्रीनवर चित्र धुरकट दिसलं की लगेच कळतं. इथे धोका आहे लेन्स आत ढकलण्याचा!

नळी दोन सेंटिमीटर आत गेली, की तिची मागची कड सेन्सरपासून एका सेंटिमीटरच्याही आत येऊ शकते. तिथे शटर असतं. लायकाच्या स्वतःच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांतही आत सरकणाऱ्या लेन्स फक्त बाहेर ओढून वापराव्यात, आत ढकलू नयेत, असं बजावलेलं आहे. अपवाद ९० मिलिमीटरच्या मॅक्रो-एल्मारचा, कारण तिची नळी आत गेली तरी बॉडीत शिरत नाही. फिल्मच्या जमान्यातल्या लायका एम-५ आणि सीएल या दोन कॅमेऱ्यांनाही हीच काळजी घ्यावी लागते. त्यांच्यात लेन्सच्या मागे उजेड मोजणारी छोटी दांडी असते आणि नळी तिच्यावर आपटू शकते.

म्हणजे डिजिटलवर लेन्सचा लूक मिळतो, पण तिचा मुख्य फायदा, तो सपाटपणा, सोडून द्यावा लागतो.

घेताना काय बघाल?

मुंबईचा चोरबाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की ऑनलाइन, या गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

- नळी: बाहेर ओढा, फिरवा, मग हळूच हलवून बघा. जागेवर बसल्यावर ती डगडगत असेल तर लेन्स स्वस्तात असली तरी महाग पडेल.
- काच: मोबाइलचा टॉर्च मागून लावा आणि पुढून तिरपं बघा. धुरकटपणा बऱ्याचदा साफ करता येतो. ओरखडे मात्र कायमचे. झुमारची पुढची काच मऊ म्हणून बदनाम आहे, तिच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळं हमखास असतं.
- बुरशी: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर सावधान. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत बुरशी झपाट्याने वाढते आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते.
- पात्या: छिद्राच्या पात्यांवर तेल आलंय का, कळ शेवटपर्यंत सरकते का, तेही बघा.
- फोकस: लेन्स आणि बॉडी एकत्र घेत असाल तर दूरची इमारत आणि दोन-तीन मीटरवरची वस्तू, दोन्हींवर आधी एक चाचणी रोल खर्च करा. समारंभाला पहिला रोल नको.

घरी आणल्यावर ती चामड्याच्या कव्हरमध्ये कोंडून ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या हा साधा उपाय पावसाळ्यात पुरतो. आणि कॅमेरा उन्हात उघड्या लेन्सने ठेवू नका. मध्ये आरसा नसल्याने सूर्याची प्रतिमा थेट शटरच्या कापडी पडद्यावर पडते आणि भिंगाने कागद जळावा तसं त्याला भोक पडू शकतं.

मग घ्यावी की नाही?

थोडक्यात काय, तर ज्याला दिवसाउजेडी फिरत, रमतगमत फोटो काढायचेत आणि कॅमेरा खिशात हवा आहे, त्याच्यासाठी एल्मार किंवा तिची रशियन बहीण आजही उत्तम आहे. छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवलं तर ती भरपूर स्पष्ट फोटो देते आणि नळीच्या बारीकसारीक चुकाही पोटात घालते. ज्याला मात्र संध्याकाळचे समारंभ, घरातली मुलं, कमी उजेड टिपायचाय, त्याने स्थिर, जास्त उजेड घेणारी लेन्स घ्यावी आणि खिशाऐवजी पिशवी वापरावी.

आणि ट्रंकेतला कॅमेरा घेऊन बसलेल्या त्या पोरासाठी उपाय फुकटातला आहे. लेन्सचं झाकण काढलं की लगेच तीन गोष्टी करायच्या: ओढा, फिरवा, हलवून बघा. हात स्वतःहून हे करायला लागले की आत्याच्या एकावन्नाव्या वाढदिवसाचे फोटो नक्की नीट येतील.